ह्यांचा खोटा मासा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची पहाट, पाच वाजले असतील. स्वयंपाकघरात डब्यांची खुडबुड ऐकू आली. मला वाटलं, मांजर शिरलं. उठून पाहते तर हे! पायजमा पोटऱ्यांपर्यंत दुमडलेला, डोक्याला मफलर, आणि हातात माझा मसाल्याचा जुना डबा. डब्यात हळद-तिखटाच्या जागी सात रंगीबेरंगी मासे ओळीनं निजलेले. प्लॅस्टिकचे, बोटभर लांबीचे, डोळे वटारलेले, आणि प्रत्येकाच्या पोटाखाली तीन-तीन टोकांचे आकडे लोंबताहेत.

"हे काय?" मी विचारलं.

"मिनो," हे म्हणाले. जणू घरी आलेल्या पाहुण्यांची ओळखच करून देताहेत!

ह्यांचं काम दिवसभर खुर्चीत बसून करायचं. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, काहीतरी छंद लावून घ्या, मोकळ्या हवेत जा. मला वाटलं होतं, सकाळी देवळापर्यंत फिरून येतील, फार तर परसात चार वांग्यांची रोपं लावतील. पण ह्यांनी मोबाईलवर कुठलीशी चित्रफीत पाहिली आणि घरी काठी आली, रीळ आलं, आणि पाठोपाठ पार्सलं येऊ लागली. धुवायच्या पँटच्या खिशात एकदा बिल सापडलं. एका प्लॅस्टिकच्या माशाचे साडेचारशे रुपये! एवढ्या पैशात खऱ्या मासोळीचे चार रस्से झाले असते.

चार रविवार मी धुसफुसले. पाचव्या रविवारी मात्र ठरवलं, ज्या सवतीशी भांडायचं तिला आधी नीट ओळखून घ्यावं. पोळ्यांचा डबा भरला आणि मीही गाडीवर मागे बसले.

मैत्रिणींनो, आज हे सांगायचं कारण म्हणजे अशी पार्सलं आता एकट्या माझ्या घरी येत नाहीत. यवतमाळ, पुसद, दिग्रस, वणी, जिथे म्हणून पाणी जवळ आहे, तिथे कोणाचे यजमान, कोणाचा दीर, कोणाचा दहावीतला मुलगा गळाच्या नादी लागलेला आहे. ज्यांच्या घरी मासे चालत नाहीत त्यांनीही हे वाचावं. आपली माणसं कुठे जातात, हातात काय धार घेऊन जातात, हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

लंगडणारी मासोळी

मिनो म्हणजे इंग्रजीत बारीक मासोळी. तिच्या आकाराचं लाकडाचं किंवा प्लॅस्टिकचं खोटं आमिष, त्यालाही आता मिनोच म्हणतात. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावलेला गळ पाण्यात सोडून वाट पाहत बसायचं असतं. मिनोचं तसं नाही. तो लांब फेकायचा आणि रिळावर तंगूस गुंडाळत परत ओढायचा. ओढला की तो पोहतो. नुसता पडून राहिला तर माशाच्या लेखी ती काडी.

ह्या खेळण्यामागची गोष्ट मला फार आवडली. फिनलंड देशात लाउरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होता. तळ्यावर मासे धरून कुटुंब पोसायचा. त्याच्या लक्षात आलं, की मोठा शिकारी मासा बारीक माशांच्या थव्यात शिरतो तेव्हा सगळ्यांच्या मागे धावत नाही. जी मासोळी जरा वेगळी डुलते, जरा लंगडते, नेमकी तिलाच उचलतो. १९३६ साली त्यानं बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, वरून चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला, म्हणजे पाणी आत शिरायला नको. तो मासा अगदी त्या लंगड्या मासोळीसारखा डुलत पोहला. पुढे त्याची मुलंही कामाला लागली आणि घर हाच कारखाना झाला. १९६२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकात त्या माशावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रोचं चित्र होतं. अंक हातोहात खपला आणि मागण्यांचा पाऊस पडला.

चॉकलेटची चांदी आणि जुनी निगेटिव्ह! टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते आणखी काय असतं? आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लेकरांसाठी लाकडी नंदी करणारे सुतार आहेत. हलकं लाकूड आणि नमुना दिला तर असला मासा त्यांच्याही हातून सहज उतरेल, असं मला राहून राहून वाटतं.

तीन पुरेत

ह्यांच्या डब्यातले सात मासे मी एका दुपारी बादलीभर पाण्यात एकेक करून सोडून पाहिले. चार वर तरंगले, दोन दगडासारखे तळाशी गेले, आणि एक मधल्यामध्येच लटकून राहिला. तेव्हा कळलं, की रंग पाहून भुलायचं नसतं. साडी घेताना आपण पोत पाहतो, तसं इथेही आधी जात पाहायची.

तरंगणारा मिनो ओढला की खाली जातो आणि थांबवला की हळूच वर येतो. आमच्या धरणांत बुडालेल्या बाभळींची खोडं, दगड, शेवाळ ह्यांची कमतरता नाही. खोडाला अडकल्यासारखं वाटलं की ओढणं थांबवावं. पुष्कळदा तो आपला आपण सुटून वर येतो. नवशिक्यानं हाच घ्यावा, म्हणजे साडेचारशे रुपये पाण्यात जाणार नाहीत. बुडणारा मिनो खोल किंवा ओढीच्या पाण्यासाठी असतो, आणि लटकून राहणारा थंडीच्या दिवसांसाठी. थंडीत मासे सुस्तावतात, पाठलाग करत नाहीत. त्यांच्या तोंडापुढे भक्ष्य थांबावं लागतं.

मग हनुवटीखालची पारदर्शक पट्टी पाहावी. मी तिला जीभ म्हणते. मिनो पोहतो तो ह्या जिभेमुळे. तंगूस ओढला की जिभेवर पाणी आपटतं, डोकं खाली झुकतं आणि शेपूट डावी-उजवी हलते. जीभ आखूड आणि खाली वळलेली असेल तर मासा वरच्या हात-दीड हात पाण्यात पोहतो. लांब आणि नाकाच्या रेषेत पुढे आलेली असेल तर खोल बुडी मारतो. गावतळ्याला आखूड जीभ पुरे.

लांबी सात ते नऊ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीपेक्षा थोडी जास्त. त्या पाण्यातली खरी बारीक मासोळी केवढी आहे ते काठावर उभं राहून पाहावं आणि मग विकत घ्यावं.

रंग शेवटी. पाणी निवळ असेल तर चंदेरी किंवा करड्या पाठीचा. आमच्याकडची माती काळी. पावसानंतर पाणी बरेच दिवस गढूळ राहतं, तेव्हा पिवळा किंवा नारिंगी उठून दिसतो.

म्हणजे चंदेरी एक, पिवळा एक आणि लटकणारा एक. झाले तीन! बाकीचे चार रंग माशांना नव्हे, गिऱ्हाइकाला धरण्यासाठी असतात, असं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी उत्तर दिलं नाही, पण पुढल्या महिन्यात पार्सल आलं नाही.

पाण्यात टाकल्यावर

कोणत्या पाण्यात कोणता मासा, हे ठाऊक नसेल तर दिवसभर काठी हलवून हात दुखतात, दुसरं काही होत नाही. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, आणि मध्ये बेंबळा, अरुणावती, पूस अशा नद्या. पुसदजवळचं पूस धरण १९७१ सालचं, पैनगंगेवरचं इसापूर १९८२ चं, खालचं पूस १९८३ चं आणि दिग्रसजवळचं अरुणावती १९९४ चं. शिवाय लहान तलाव आहेतच.

असल्या पाण्यांत पाळीव म्हणावेत असे कटला, रोहू आणि मृगळ सोडलेले असतात. कटला वरच्या मजल्यावर जेवतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळमजल्यावर. पाण्यातले सूक्ष्म जीव, शेवाळ, कुजका पाला हे त्यांचं अन्न. त्यांच्यापुढे मिनो नाचवणं म्हणजे माळकऱ्याला मटणाचं आमंत्रण! मिनोवर येतो तो शिकारी मासा, आणि आमच्याकडे त्यात पहिला मान मरळीचा. सापासारखं डोकं, अंगावर काळसर पट्टे आणि दातांनी भरलेलं तोंड. ही मरळ पाण्यात राहून हवेतला श्वास घेते. थोड्या थोड्या वेळानं वर येते, 'गप्' असा आवाज होतो, आणि पाण्यावर एक वर्तुळ उरतं. ते वर्तुळ दिसलं की ह्यांचं बोलणं बंद होतं.

फेकताना मिनो वर्तुळावर नव्हे, त्याच्या पलीकडे टाकावा आणि बाजूनं आणावा. डोक्यावर धपकन पडलेलं भक्ष्य कोणालाच खरं वाटत नाही. मग रीळ दोन-तीन वेळा फिरवावं, थांबावं, मनगटानं एक हलका झटका द्यावा, पुन्हा थांबावं. मासा बहुधा थांबण्याच्या क्षणी येतो. नवशिके तेवढं थांबत नाहीत. मला मात्र ते लवकर जमलं. दूध उतू जायच्या बेतात असताना गॅसपाशी उभं राहणाऱ्या बाईला थांबायचं कसं, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तंगूस मिनोच्या नाकाशी घट्ट आवळू नये. सैल फास ठेवावा, म्हणजे त्याला डुलता येतं. ओढताना तो सरळ न येता डावीकडे पळत असेल तर नाकातली तारेची कडी पकडीनं किंचित उजवीकडे वाकवावी. उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. किंचितच हं! जास्त वाकवली तर नवराही सुधारत नाही आणि मिनोही.

घरी आल्यावर मिनो साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, सावलीत वाळवून मगच डब्यात ठेवावेत. ओले ठेवले की आकड्यांना गंज चढतो. रबरासारखी मऊ बेडकं ह्या डब्यात ठेवू नयेत, त्यांच्या संगतीनं मिनोचा रंग चिकट होऊन निघतो. आणि तुटलेला तंगूस काठावर टाकून येऊ नये. तो कुजत नाही. बगळ्यांच्या नि पाणकावळ्यांच्या पायांत गुंततो. ह्यांच्या पिशवीत मी त्यासाठी दुधाची रिकामी पिशवी ठेवून देते.

आकडा बोटात

एका मिनोला दोन तिहेरी आकडे, म्हणजे सहा टोकं. प्रत्येक टोकाला मागे एक उलटा काटा असतो. आत गेलेला आकडा बाहेर येऊ नये म्हणून तो केलेला. माशासाठी केलेला हा काटा माणसालाही सोडत नाही, हे आमच्या धाकट्यानं आम्हाला शिकवलं. शाळेतून आला, डबा उघडा दिसला, मासा उचलला आणि दुसरं टोक अंगठ्यात. त्याच्या किंकाळीनं शेजारच्या काकू धावत आल्या.

अशा वेळी काय करावं ते सांगते. आकडा मागे ओढू नये, त्यानं मांस फाटतं. आधी तंगूस कापावा, जमेल तर मिनो त्या आकड्यापासून सोडवावा, म्हणजे हिसका बसत नाही. आकडा हलणार नाही असा चिकटपट्टीनं बसवावा आणि सरळ दवाखाना गाठावा. डॉक्टर जागा बधिर करून काढतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही त्यांना सांगावं. आकडा डोळ्याजवळ असेल तर हातसुद्धा लावू नये. वरून कागदी पेला उपडा धरावा, डोळ्यावर दाब पडू देऊ नये आणि एक मिनिट न दवडता डॉक्टरकडे न्यावं.

त्या रात्री मी पकड घेऊन बसले आणि सातही माशांच्या आकड्यांचे उलटे काटे दाबून सपाट केले. हे कळवळले. "अगं, मासा निसटेल!" मी म्हटलं, "निसटू दे. पोराचा अंगठा महत्त्वाचा." खरं सांगायचं तर तंगूस ताणलेला ठेवला की मासा फारसा निसटत नाही. आता प्रत्येक आकड्याला जुन्या नळीचे तुकडे टोपीसारखे चढवलेले असतात, आणि डबा कपाटात वरच्या फळीवर. पाण्यावर जाताना मुलांनी एकटं जायचं नाही, शेवाळलेल्या दगडावर उभं राहायचं नाही आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय काठी हातात घ्यायची नाही, हे तीन नियम आमच्याकडे फ्रीजच्या दारावर लिहिलेले आहेत.

पाणी कोणाचं?

पहिल्या वर्षी ह्यांचा समज असा, की तलाव सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. तसं नसतं. धरणा-तलावांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पैसे भरते, मत्स्यबोटुकली विकत आणून सोडते, राखण करते. बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली माशांची पिल्लं. किती गोड शब्द आहे, नाही? ती वाढली की त्यावर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. तेव्हा आपल्या रविवारच्या हौसेसाठी आधी त्या लोकांना विचारायचं, ते मागतील ती फी द्यायची आणि त्यांच्या जाळ्यांच्या आसपास आकडे फेकायचे नाहीत. अभयारण्याच्या हद्दीत तर गळ घेऊन जायचंच नाही. शहराला पिण्याचं पाणी पुरवणारा तलाव असेल तर तिथलीही परवानगी विचारावी.

आमच्याकडे हे आपोआप जमून आलं. दर बुधवारी दारावर मासोळी घेऊन येणाऱ्या मावशींचे यजमान अशाच एका संस्थेचे सभासद. मावशींनी पहिल्यांदा मिनो पाहिला तेव्हा तो उलटा-सुलटा करून म्हणाल्या, "हे मासोई व्हय का खेयनं? बाप्पा! साडेचारशे रुपये? एवढ्या पैशात त माह्यं टोपलं भरते." पण त्यांनी यजमानांना सांगून त्यांच्या संस्थेच्या लहान तलावावर जायची ह्यांची सोय करून दिली.

मरळ घरी आली तर काय करायचं, हेही मी त्यांच्याकडूनच शिकले. ती फार बुळबुळीत असते. हाताला चुलीतली राख लावून धरावी. साफ करून तुकड्यांना मीठ-हळद लावून अर्धा तास ठेवावं. कांदा आणि सुकं खोबरं भाजून घ्यावं, धणे आणि चमचाभर खसखस परतून घ्यावी, आलं-लसूण घालून सगळं पाट्यावर बारीक वाटावं. तेल जरा सढळ, त्यात वाटण तेल सुटेपर्यंत परतून लाल तिखट, मग चिंचेचा कोळ आणि गरम पाणी. रश्शाला उकळी आली की तुकडे सोडावेत आणि दहा मिनिटं मंद आच. चमच्यानं ढवळू नये, भांडंच हलवावं. वरून सांभार. मरळीत बारीक काटे कमी, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांनाही देता येते. सोबत ज्वारीची भाकरी हवी.

पण कधी कधी मरळ घरी आणायची नसते. ते मला उशिरा कळलं.

आषाढातली संध्याकाळ

दोन वर्षांपूर्वीचा आषाढ. चांगला पाऊस झालेला, तलावाच्या कडेचं गवत पाण्यात बुडालेलं. आम्ही दोघं काठावर होतो. पलीकडे मावशी आणि त्यांचे यजमान जाळं झटकत होते. तेवढ्यात ह्यांनी माझा हात दाबला. पाण्यावर परातीएवढा एक लालसर ढग हलत होता. नीट पाहिलं तर शेकडो बारीक बारीक पिल्लं, एकमेकांना बिलगून, एकदम वर येत होती आणि एकदम खाली जात होती.

ह्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, की असा लाल थवा दिसला की त्याच्याखाली मोठी मरळ असतेच. ह्यांनी पिवळा मिनो थव्याच्या पलीकडे टाकला आणि बरोबर पिल्लांच्या मधून ओढला. पहिल्यांदा पाणी नुसतं उसळलं. दुसऱ्यांदा मिनो तिथून गेला आणि पाणी फुटलं. काठी वाकली. पाच-सात मिनिटांत हातभर लांबीची मरळ काठावरच्या गवतात आली. एवढी मोठी ह्यांना कधीच मिळाली नव्हती. ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

मावशी बांधावरून भराभरा आल्या. मला वाटलं, कौतुक करायला येताहेत. त्या माशाकडे पाहून ह्यांना काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बाई, तुमच्या सायबाले सांगा, लाल पिल्लाईचा थवा दिसला का गळ नाई टाकाचा. भुकेनं नाई येत तो मासा. लेकराईसाठी येते."

मग त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. लाल ढगाच्या कडेनं बोटबोटभर मासे जमले होते. टप, टप. एकेक पिल्लू जात होतं. इतका वेळ ज्याच्या धाकानं ते दूर होते तो राखणदार ह्यांच्या हातात होता.

मागाहून मी कळून घेतलं. मरळीची जोडी गवतात जागा साफ करून अंडी घालते. ती अंडी पाण्यावर तरंगतात. अंड्यांना आणि पुढे काही आठवडे पिल्लांना आई-बाप राखतात, आणि पुष्कळदा राखणीला उरतो तो बाप. आपण तिला 'ती मरळ' म्हणतो, पण त्या संध्याकाळी आकड्याला लागला होता तो कदाचित 'तो'च असेल. मिनो पिल्लांमधून जाताना त्याला भक्ष्य दिसलं नाही, शत्रू दिसला. एका भुकेल्या शिकाऱ्याला लंगड्या मासोळीनं फसवणं हा खेळ झाला. तो हरला तर अन्न होतो, जिंकला तर आपण रिकाम्या हातानं परततो. पण लेकरं राखणाऱ्याच्या मायेचंच आमिष करायचं, हा कुठला खेळ?

हे सगळं तेव्हा मला इतकं नीट सुचलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "सोडा त्याला."

हे गप्प. मग म्हणाले, "तीन वर्षांत एवढा मिळणार नाही पुन्हा."

"सोडा," मी म्हटलं.

त्यांनी पकड काढली. आकडा ओठात होता. त्या रात्री मी काटे सपाट केले नसते तर ओठ फाटला असता. एका हिसक्यात आकडा निघाला. मरळ उथळ पाण्यात थोडा वेळ तशीच राहिली, गालफडं हलत होती. मग शेपूट फिरली आणि गढूळ पाण्यात ती दिसेनाशी झाली. लाल ढगाचे तोवर दोन-तीन तुकडे झाले होते.

अंधार पडेपर्यंत आम्ही बसून राहिलो. पोळ्यांचा डबा उघडलाच नाही. एकदा, थव्याच्या एका तुकड्यापासून पाच-सात हातांवर, काहीतरी मोठं वर आलं, 'गप्' असा श्वास घेतला आणि खाली गेलं. तोच होता का? कोण जाणे. पिल्लं पुन्हा एक झाली का, तेही दिसलं नाही. मावशी जाता जाता एवढंच म्हणाल्या, "जाते तो. वापस जाते." त्या खरं सांगत होत्या की आम्हाला धीर देत होत्या, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

घरी आल्यावर ह्यांनी डबा पुसला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. तेव्हापासून आमच्याकडे रिवाजच पडला आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला की डबा माळ्यावर जातो. श्रावणात आपल्याकडे कितीतरी घरांत मासोळी वर्ज्यच असते. त्यामागचं थोरांचं कारण काहीही असो, फायदा माशांच्या लेकरांचा होतो. त्या महिन्यांत रविवारी हे घरी असतात. मटार सोलतात, धाकट्याचा अभ्यास घेतात, आणि दर तासाला खिडकीतून आभाळाकडे पाहतात.

दसऱ्याला मी कात्री, विळी, शिवणाचं मशीन आणि ह्यांचं पेन पूजेला मांडते. आता त्यांच्या ओळीत तो डबाही असतो. हळद-कुंकू वाहते, झेंडूचं फूल ठेवते आणि मग डबा ह्यांच्या हातात देते. शेवटी तो माझाच मसाल्याचा डबा आहे. कधी द्यायचा आणि कधी नाही, ते मीच ठरवणार!